पूर्ण भूतकाळाची खोली

शिरगुप्पे मॅडमच्या इंग्रजी क्लासात पाचव्या खोलीत कायम कालची दुपार असे. त्याबद्दल कुणी तक्रार करत नव्हतं. टायरच्या दुकानावरचा तो मजला लांबट होता आणि त्यात उसाच्या पेरांसारख्या एकापुढे एक बारा खोल्या होत्या. प्रत्येक खोली एका काळाची. चढायचा जिना पहिल्या खोलीत निघे, तो साधा वर्तमानकाळ. उतरायचा जिना बाराव्या खोलीच्या पलीकडे. मधून परतायची सोय नव्हती, कारण माणूस पुढच्या खोलीत गेला की मागचं दार भिंतीत मुरून जाई, गरम भाकरीत तूप मुरावं तसं.

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एक क्रियापद घेऊन ते बाराही खोल्यांतून चालवत न्यायचं, असा क्लासचा नियम होता. खोलीत जे वाक्य म्हणाल ते त्या खोलीपुरतं खरं होई. म्हणून सगळे जपून बोलत.

कालिंदी हुपरीकर त्या दिवशी जाणारच नव्हती. सकाळपासून तात्यांना ताप होता आणि श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजत होती. कालिंदी एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. नळीतलं रक्त बघून परक्या माणसाचं बरंवाईट ओळखायची तिला सवय होती, पण आपल्या वडिलांची शिट्टी ऐकून तिला काही ओळखता येईना. तिनं डॉक्टरांना फोन केला. बाहेरचे पेशंट आटोपले की येतो, असं ते म्हणाले. शेजारच्या हुल्यालकर वहिनींनी तिला घराबाहेर काढलं. डॉक्टर येईपर्यंत मी तात्यांपाशी बसते, उद्या तुझी मुलाखत आहे, आजचा धडा चुकवू नको, असं त्या म्हणाल्या. तात्यांनीही चादरीतून हात हलवला. मुलीनं प्रयोगशाळेची प्रमुख व्हावं ही तिच्यापेक्षा त्यांनाच घाई होती.

पहिल्या खोलीत मॅडमनी तिच्या हातात क्रियापद दिलं. वेट. म्हणजे वाट पाहणं.

‘‘सरळ वळणाचं आहे,’’ मॅडम म्हणाल्या. लग्नाच्या मुलीबद्दल पाहुण्यांना सांगावं तशा त्या क्रियापदांबद्दल सांगत. ‘‘भूतकाळात शेवटी ईडी लावलं की झालं. कुठं रुसत नाही, रूप बदलत नाही. ज्यांना रूप बदलणारी क्रियापदं हवीत त्यांचा वर्ग निराळा. आपल्याकडे नकोत ती.’’

कालिंदी भिंतीपाशी उभी राहिली आणि तिनं चालवायला सुरुवात केली. आय वेट. वुई वेट. यू वेट. तोवर खोलीत नुसतं एक बाकडं होतं. तिनं ‘ही वेट्स’ म्हटलं आणि खिडकीखाली तात्यांची लोखंडी खाट आली. खाटेवर तात्या, गळ्यापर्यंत चौकड्याची चादर.

‘‘तुम्ही कशाला आलात?’’ कालिंदीनं विचारलं.

‘‘आलो कुठं? तूच आणलंस,’’ तात्या म्हणाले. ‘‘बरं केलंस. तुझ्या वहिनींनी मालिका लावलीय. ताप परवडला.’’

तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप होता तसाच होता. डॉक्टर घरी जातील आणि खाट तर इथं, हे तिच्या लक्षात आलं. तात्या म्हणाले, वहिनींनी डॉक्टरांना इकडचाच पत्ता सांगितलाय, निघालेत ते. तरी नुसतं थांबून राहणं तिला जमेना, म्हणजे आता एकच करायचं होतं. बाराव्या खोलीतून बाहेर पडायचं, जिना उतरायचा, तात्यांना रिक्षात घालायचं. तिनं चप्पल काढून हातात घेतली, म्हणजे पाय उचलायला हलके जातील.

दुसऱ्या खोलीत ते वाट पाहत होते, फक्त पाहतच होते. पापणी लवत नव्हती. तिनं चमच्यानं पाणी पाजलं ते ओठाशीच थांबलं, आत जाईना आणि बाहेरही सांडेना. तिसऱ्या खोलीत त्यांची वाट पाहून झाली होती, आणि ते जेवून उठलेल्या माणसासारखे तृप्त दिसत होते. चौथ्या खोलीत ते केव्हापासून वाट पाहत आले होते कुणास ठाऊक. दाढी छातीवर उतरली होती आणि तिच्यात चादरीचे दोरे गुंतले होते. कालिंदीनं दोरे सोडवले, दाढी चादरीखाली नीट सारली आणि पुढचं दार उघडलं.

पाचव्या खोलीत कालची दुपार होती. तात्या आरामखुर्चीत बसून पेरू खात होते. ताप नव्हता. शिट्टी नव्हती. फोड तोंडात टाकायच्या आधी ते तिला मीठ लावत आणि बोट चाटत.  कालिंदी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, तात्या, आपण इथंच राहू. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. काल दुपारी ती घरी नव्हती. ते तिच्यातून पलीकडे दाराकडे पाहत राहिले आणि मधेच एकदा भिंतीवरचं घड्याळ पाहून पुटपुटले, अजून कशी आली नाही ही.

ती उठली. सहावी खोली तिनं जवळजवळ पळत ओलांडली.

सातव्या खोलीत खाट होती, तात्या होते, ताप होता. भिंतीला टेकलेल्या बाकड्यावर मगदूम बसले होते. ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, आता निवृत्त. परदेशातली नात फोनवर इंग्रजीतच बोलते म्हणून त्यांनी क्लास लावला होता. पुढच्या दाराला पाठ लावून शिरगुप्पे मॅडम उभ्या होत्या. त्या नेहमी पुढच्याच दारापाशी असत. तिथं कशा पोचत हे कुणी विचारत नसे.

त्या दारापलीकडून खोकल्याचा आवाज आला. कालिंदीनं कान दिला. खोकला तात्यांचा होता. आठव्या नाही, नवव्या खोलीतला. मोकळा, कफ सुटलेला, बरं होत आलेल्या माणसाचा खोकला.

‘‘ते भविष्यातले,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘भविष्यकाळ आधीच मांडून ठेवावा लागतो. ऐनवेळी कुठं धावपळ करणार?’’

कालिंदीनं जायला पाऊल उचललं. मॅडमनी हातातली पट्टी आडवी धरली. या खोलीत नुसतं क्रियापद चालवून भागत नाही, त्या म्हणाल्या. पूर्ण भूतकाळाला दोन घटना लागतात. एक आधीची, एक नंतरची. तेव्हा आधी नेहमीचं वाक्य म्हणायचं, मग आपलं.

नेहमीचं वाक्य कोणतं, हे सांगायची गरज नव्हती. शाळेत इंग्रजी शिकलेल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून पूर्ण भूतकाळ विचारला तर तो तेच वाक्य म्हणेल. डॉक्टर पोचण्यापूर्वी पेशंट मरण पावला होता. कालिंदीनं ते आठवीत रांगेत उभं राहून म्हटलं होतं. दहावीला लिहिलं होतं, त्याचा पूर्ण गुण मिळाला होता. त्या पेशंटचं नाव काय, त्याला झालं काय होतं, डॉक्टरांना उशीर का झाला, हे इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं.

तिनं खाटेकडे पाहिलं. तात्या बोटांनी चादरीचे चौकडे मोजत होते.

‘‘मी हे वाक्य म्हणणार नाही,’’ ती म्हणाली.

‘‘उदाहरण आहे हो ते,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘या खोलीत पेशंट एकच आहे.’’

मॅडमनी ते मान्य केलं. त्या निर्दय बाई नव्हत्या. बोलताना त्यांनी तात्यांच्या पायावरची चादर सारखी केली. पण क्लासची पद्धत होती. कालिंदीनं विचारलं, पेशंट बरा झाला होता असं म्हटलं तर? मॅडम म्हणाल्या, बरा झाल्यावर तो पेशंट राहत नाही, वाक्याचा कर्ताच जातो. डॉक्टर वेळेवर आले असते तर? ते जर-तरचं वाक्य झालं, या बारांत बसत नाही, त्याचा वर्ग दिवाळीनंतर. मॅडम हे बोलत असताना पलीकडच्या भिंतीलगतची फरशीची एक ओळ नाहीशी झाली. भिंत तेवढी पुढे सरकली. आवाज झाला नाही. मगदुमांनी पाय आत घेतले.

मग कालिंदीनं आपलं वाक्य आधी म्हणून पाहिलं. माझी वाट पाहून त्यांचं झालं होतं, मग मी पोचले. तिनं ते इंग्रजीत हळू आणि बिनचूक म्हटलं. माय फादर हॅड वेटेड बिफोर आय अराइव्ह्ड. म्हणून होताच तिला चूक कळली.

तात्यांनी कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं.

‘‘तात्या.’’

‘‘बघितली तेवढी वाट बास झाली, बाई,’’ ते भिंतीला म्हणाले. आवाजात राग नव्हता. स्टँडवर शेवटची गाडी गेल्यावर माणूस पिशवी उचलतो, तसा आवाज होता.

‘‘वाक्य बरोबर,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘आता नेहमीचं.’’

फरशीची आणखी एक ओळ गेली.

मग मॅडम मगदुमांकडे वळल्या. त्यांचं क्रियापद होतं स्टार्ट. त्यांचं स्वतःचं वाक्य तयार होतं, प्रवासी पोचण्यापूर्वी गाडी सुटली होती. ते त्यांनी नोकरीत हजार वेळा मराठीत सांगितलेलं, इंग्रजीत त्यांना काय अवघड. पण नेहमीचं वाक्य त्यांनाही आधी म्हणायचंच होतं. मॅडम म्हणाल्या, तुमच्या घरी कुणी आजारी नाही, तुम्ही म्हणा आणि व्हा पुढे, नात वाट बघतेय.

मगदुमांनी खाटेकडे पाहिलं, कालिंदीकडे पाहिलं. मग खिशातून चंची काढली, तंबाखूला चुना लावला, चांगली दाबून मळली आणि गालात भरली. भरल्या तोंडानं बोलता येत नाही अशी खूण त्यांनी मॅडमना केली.

‘‘थुंकून या,’’ मॅडम म्हणाल्या.

थुंकायला सातव्या खोलीत जागा नव्हती. खिडकी आठव्या खोलीत होती, आणि तिथं वाक्य म्हटल्याशिवाय जाता येत नव्हतं. मगदूम बराच वेळ तसेच बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला. ओठांच्या कडेला तपकिरी रेघ दिसू लागली. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि सगळं गिळून टाकलं. पाठोपाठ त्यांना उचकी लागली, आणि ती अशी लागली की एक शब्द धड निघेना.

‘‘झालं,’’ तात्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. ‘‘एसटीवाल्यांचं सगळं असंच. निघते म्हणेपर्यंत बंद पडते.’’

मगदूम उचकीतच हसले. त्या दिवसात कालिंदीला तेवढं एकच बरं वाटलं.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी पट्टीनं भिंतीवर दोनदा ठोकलं. मागच्या सहा खोल्यांत त्यांच्यामागून आलेले जे कोण शिकत होते ते सगळे उभे राहिल्याचा आवाज आला, बाकडी सरकल्याचा. मग मॅडमनी वाक्याचे पहिले दोन शब्द म्हटले, द पेशंट, आणि थांबल्या. वर्गात असंच चाले. मास्तरांनी सुरुवात द्यायची, पोरांनी पुरं करायचं. भिंतीपलीकडून सहा खोल्यांचा एक आवाज आला. हॅड डाइड. त्या खोल्यांमधलं म्हणणं त्या खोल्यांपुरतंच होतं, त्यानं इथं काही होणार नव्हतं. कालिंदीला हे ठाऊक होतं. तिनं तरी कान दाबून धरले.

पण कान दाबले म्हणजे तोंड मोकळं राहिलं. तिची जीभ आठवीतल्या रांगेत उभी होती. बाकीचे म्हणत असताना गप्प बसणाऱ्याला तेव्हा पट्टी बसायची, आणि जिभेला ते अजून आठवत होतं. द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर, इथवर कालिंदीला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि तिनं जीभ दातांत धरली. रक्ताची चव आली. उरलेला शब्द तोंडातच राहिला.

 मगदुमांनी उचकी हातानं दाबली. कालिंदी खाटेपाशी गेली. तात्यांची छाती वर आली होती आणि वरच थांबली होती. शिट्टी मधेच तुटली होती. हात गरम होते. डोळे उघडे होते आणि तिच्याकडे वळले, म्हणजे अजून काही झालं नव्हतं. वाक्य अर्धं होतं. डॉक्टर पोचले की पुरं होणार होतं.

‘‘एकच शब्द राहिला,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘तो तुम्ही म्हणा किंवा डॉक्टर म्हणतील. मी पुढचा वर्ग बघते.’’ त्यांनी आठव्या खोलीचं दार अर्धा हात उघडलं, आत गेल्या, आणि ते दार भिंतीत मुरलं.

तेव्हा पार मागे, पहिल्या खोलीत, कुणीतरी जिना चढून आल्याचं ऐकू आलं. जड बॅग टेकवल्याचा आवाज. मग एका पुरुषाचा आवाज, घाईतला, नवशिक्या माणसासारखा चाचपडत. आय अराइव्ह. ही अराइव्ह्ज.

डॉक्टरांनाही क्रियापद मिळालं होतं. इथं कुणालाही चालवल्याशिवाय पुढे येता येत नसे.

कालिंदी ऐकत राहिली. दुसऱ्या खोलीत डॉक्टर पोचत होते, पोचत होते, आणि तिथं ते इतका वेळ पोचत राहिले की तिला आशा वाटली. तिसऱ्या खोलीत ते पोचले. ‘‘कुठंय पेशंट?’’ असं त्यांनी विचारल्याचं कळलं, पण त्या खोलीतले तात्या तृप्त होते, त्यांना डॉक्टर नको होते. पाचव्या खोलीत ते काल दुपारी पोचले. तात्यांनी त्यांना पेरूची फोड दिली, मीठ लावून. नाडी उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढे निघाले. त्यांचं इंग्रजी प्रत्येक खोलीत सुधारत होतं.

सातव्या खोलीच्या मागच्या भिंतीवर ओल आली. ओलीतून आधी चौकट दिसू लागली, मग कडी, मग दार. कालिंदीनं दाराला पाठ लावली आणि पाय खाटेच्या लोखंडी पायाला टेकवले. खोली आता एवढीच उरली होती, खाट आणि दार यांच्यात एका बाईचे पाय मावतील एवढी. मगदूम बाकड्यावर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. त्यांनी खाटेची दुसरी बाजू धरून ठेवली. प्रत्येक उचकीला खाट जरा हले.

दारावर टकटक झाली. सभ्य माणसाची टकटक.

‘‘हुपरीकर ना? मी डॉक्टर. उघडा.’’

‘‘डॉक्टर, तुम्ही आत येऊ नका,’’ कालिंदी म्हणाली. ‘‘तिथंच थांबा.’’

‘‘अहो, फोन तुम्हीच केलात ना?’’

‘‘मीच केला.’’

‘‘मग? पेशंट कसा आहे?’’

तिनं तात्यांकडे पाहिलं. वर थांबलेली छाती, उघडे डोळे. त्यांना डॉक्टर हवे होते. हे ओळखायला रक्त तपासायची गरज नव्हती, ओठ निळे पडू लागले होते.

‘‘आहेत अजून,’’ ती म्हणाली.

‘‘दार न उघडता मी काय करणार?’’

‘‘तुम्ही आलात तर वाक्य पुरं होईल.’’

 डॉक्टरांनीही कधीतरी आठवीत ते वाक्य म्हटलं असणार. पलीकडे त्यांनी बॅग जमिनीवर ठेवल्याचं, ती उघडल्याचं कळलं. मग ते खाली बसले असावेत, कारण त्यांचा आवाज आता कालिंदीच्या कमरेच्या उंचीवरून आला.

‘‘बरं. नका उघडू. मी आलेलोच नाही. हे धरा आणि छातीवर ठेवा. डाव्या बाजूला.’’

दाराखालच्या फटीतून स्टेथोस्कोपची चकती आत सरकली, तिच्यामागून काळी नळी. कालिंदीनं दाराला पाठ तशीच ठेवून वाकून चकती उचलली. ती गार होती. तिनं हाताच्या पंजात धरून ती आधी कोमट केली, मग तात्यांच्या सदऱ्याचं बटण काढून छातीवर टेकवली. नळी पुरेना, मग लांबली आणि पुरली. तात्यांनी डोळे मिटले. मगदुमांनी श्वास रोखून उचकी अडवली. मागच्या सहा खोल्यांतही सगळे गप्प झाले.

‘‘काय ऐकू येतंय?’’ कालिंदीनं विचारलं.

‘‘बोलू नका.’’

तिनं वाट पाहिली.

‘‘डॉक्टर, काय ऐकू येतंय?’’

‘‘मी येत नाही, तेच इकडे येतील. धरून ठेवा,’’ दारापलीकडून आवाज आला. नळी ताठ झाली. डॉक्टर ती आपल्याकडे ओढत होते, हळू, विहिरीतून भरली घागर शेंदावी तशी. कालिंदीनं चकती छातीवर दाबून धरली. ती सुटली नाही. तिच्या पायांवर खाटेचा भार आला, आणि मगदुमांच्या हातून सुटून ती खाट तात्यांसकट, इंच इंच, दाराकडे सरकू लागली.